इंग्लंडमधील एखाद्या टाउनशिपचा मध्ययुगापासून आजपर्यंतचा इतिहास सांगाल का? तिथली गिरण्यांची गावे आपल्या गिरणगावासारखी का बुडाली नाहीत?

बुडाली, आणि आपल्या आधी बुडाली. मी मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅममध्ये नोकरीनिमित्त तीन वर्षे राहिलो असल्यामुळे त्याच गावाचे सांगतो.

टाउनशिप म्हटले की आपल्याला बिल्डरची जाहिरात आठवते. उत्तर इंग्लंडात मात्र तो शब्द साधारणपणे आपल्या ‘मौजे’च्या जागी येतो. तिथले पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतले विभाग, इतके अफाट होते की १६६२ च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणाचा भार प्रत्येक टाउनशिपवर स्वतंत्रपणे टाकण्याची मुभा दिली. प्रेस्टविच-कम-ओल्डहॅम या पॅरिशमधील ओल्डहॅम, चॅडर्टन, रॉयटन आणि क्रॉम्प्टन ही लगतची गावे अशी आपापला कर गोळा करीत. बाहेरून पोटासाठी आलेला माणूस उद्या आपल्या डोक्यावर बसेल असे वाटले, तर त्याला त्याच्या मूळ गावी परत धाडण्याची सोयही त्याच कायद्यात होती. इंग्लंडमधील सामान्य माणसाचा इतिहास वाचायचा असेल, तर जमीनदारांच्या वंशावळी बाजूला ठेवून करवसुलीची आणि गरिबांना दिलेल्या मदतीची दप्तरे पाहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. १८६६ मध्ये या टाउनशिपांना सिव्हिल पॅरिशचा, म्हणजे चर्चऐवजी मुलकी कारभाराच्या विभागाचा, दर्जा मिळाला आणि पुढे तो शब्द कारभारातून मागे पडला.

मध्ययुगातील ओल्डहॅमविषयी फार सांगण्यासारखे नाही. पेनाइन डोंगरांच्या कडेची ओली, निकस जमीन, थोडी गुरेमेंढरे आणि शेतीवर भागत नाही म्हणून घरोघरी सूतकताई व विणकाम. याच नडीतून पुढचे सगळे उभे राहिले, कारण हाताला सवय होती आणि पायाखाली कोळसा होता. १७७० च्या दशकाच्या अखेरीस पहिली सूतगिरणी आली. १८०१ मध्ये सुमारे १२ हजार असलेली वस्ती १९०१ मध्ये १ लाख ३७ हजारांवर गेली, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी या एका गावात दीड कोटीहून अधिक चात्या (सूत कातणारी टोकदार दांडकी, स्पिंडल) फिरत होत्या. मधल्या काळात, १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत, अमेरिकेचा कापूस आटला तेव्हा लँकेशायरच्या, म्हणजे ओल्डहॅम ज्या परगण्यात होते तिथल्या, गिरण्यांनी आपला आखूड धाग्याचा कापूस नाके मुरडीत वापरला. खानदेश-वऱ्हाडचा मालही तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणूनच ओळखला जाई.

आता मूळ दुखण्याकडे येतो. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, फिटर होते. त्यांच्या साच्याच्या, म्हणजे यंत्राच्या, बिडाच्या चौकटीवर ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ अशी उठावाची अक्षरे होती, आणि इंग्रजी न येणारे माझे वडील ती अक्षरे रोज तेलाच्या फडक्याने पुसत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यानंतर वडील त्या खात्यात पुन्हा गेले नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले माझे मामा तेव्हापासून दर गणपतीत एकच वाक्य ऐकवतात: ‘डॉक्टर सामंतांनी आणि तुम्ही मिळून गिरण्या बुडवल्या.’ वडील कधीही उत्तर देत नसत.

२०१५ च्या उन्हाळ्यात वडील माझ्याकडे आले. ज्या गावाचे नाव त्यांनी आयुष्यभर पुसले, ते त्यांना पाहायचे होते. मी त्यांना एल्क मिलच्या जागी नेले. १९२६ साली बांधलेली ही गिरणी १९९८ मध्ये बंद पडली आणि ओल्डहॅममधील सूतकताई तिच्याबरोबर संपली. दुसऱ्याच वर्षी ती पाडली गेली. आता तिथे मोठमोठी दुकाने आणि पुढे गाड्या लावायचे पटांगण आहे. वडील त्या पटांगणाच्या कडेला बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी विचारले, ‘इथे संप कोणी केला होता?’

असा संप इथे कोणी केला नव्हता. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत, १९१९-२० मध्ये, सट्टेबाजांनी फुगवलेल्या किमतींना गिरण्या विकत घेतल्या, त्यासाठी बँकांची कर्जे काढली आणि पुढच्याच मंदीत ही कर्जे गळ्याशी आली. ज्या गिरणी कामगारांनी आणि छोट्या दुकानदारांनी पुरती रक्कम न भरलेले शेअर घेतले होते, त्यांच्याकडून उरलेली रक्कम मागण्यात आली आणि त्यांची आयुष्यभराची पुंजी गेली. १९५९ च्या कायद्याने तर यंत्रे भंगारात काढण्यासाठी सरकारने पैसे दिले. उरल्या गिरण्यांच्या रातपाळीसाठी पाकिस्तान आणि आजच्या बांगलादेशातून माणसे आणली गेली. गिरण्या गेल्या, माणसे राहिली, आणि २००१ च्या मे महिन्यात याच गावात वांशिक दंगल झाली. टाउनशिप या नात्याने ओल्डहॅम केव्हाच संपले होते. १९७४ पासून ते रॉयटन, चॅडर्टन वगैरेंसह एका मेट्रोपॉलिटन बरोचा, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या कारभारी विभागाचा, भाग आहे.

तुम्ही स्वतः अभ्यास करणार असाल, तर आधी शेजारच्या टाउनशिपांच्या सीमा नकाशावर पाहा, आणि गिरण्या का बुडाल्या हे कोणाच्या मामांना विचारू नका.

दोन गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. ओल्डहॅमच्या जमिनीला मुंबईतल्या परळच्या जमिनीचा भाव कधीच नव्हता, त्यामुळे गिरणी चालवण्यापेक्षा बंद ठेवण्यात फायदा, हे आपल्याकडचे गणित तिथे तसेच्या तसे लागू होत नाही. दुसरे असे की ओल्डहॅमचे सूत ज्या स्वस्त कापडात जाई, त्याचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते, आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान ते गिऱ्हाईक तुटले. त्यात स्वदेशीचा वाटा होता तसा मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचाही होता, आणि त्या गिरण्यांतील कित्येक साचे प्लॅट ब्रदर्सनीच ओल्डहॅममध्ये ओतून बोटीने पाठवले होते.