पोळ्याच्या फोटोतला बैल

प्रश्न : आमच्या घरी १९४० च्या सुमाराचा, आजोबांच्या तरुणपणीचा पोळ्याचा फोटो आहे. त्यात आजोबा करड्या चेहऱ्याने उभे आहेत आणि शेजारच्या बैलाचे धड स्पष्ट असूनही डोके धुरासारखे पुसट आहे. आजोबा फार हसरे होते, असे आजी सांगत असे. खरे कोणाचे मानावे, फोटोचे की आजीचे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : फोटो ‘क्षण टिपतो’ असे आपण सहज म्हणतो आणि तिथेच फसतो. फोटोत उतरतो तो काळाचा एक तुकडा, आणि शटर जितका वेळ उघडे राहील तितका तो लांब असतो. पोळा श्रावणी अमावास्येचा. आभाळ भरलेले, त्यात उन्हे कललेली असतील, तर त्या काळच्या कॅमेऱ्याला अर्धा-एक सेकंद सहज लागला असेल. तेवढ्यात बैलाने मान हलवली. आजोबांना मात्र ‘हलू नका’ अशी ताकीद मिळाली असणार, आणि सांगितलेले हसू तेवढा वेळ तोंडावर धरून ठेवणे किती अवघड असते, हे आरशापुढे करून पाहावे.

१८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला, तेव्हा काही मिनिटे लागली. त्या अवधीत धावत्या घोडागाड्या आणि चालती माणसे उमटलीच नाहीत. बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक गृहस्थ तेवढा दिसतो. रस्ता ओस नव्हता, पण फोटोत तो ओस आहे. याच्या उलट, १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले, तेव्हा चारही खूर जमिनीपासून सुटतात हे दिसले, पण ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार दाखवत तसे पुढे-मागे फाकलेले असताना नव्हे. इतका बारीक काळ उघड्या डोळ्यांना कधी दिसलाच नव्हता.

तेव्हा आजी आणि फोटो यांचे भांडण नाही. ‘हसरे होते’ हे सांगणे संसाराच्या अनेक वर्षांचे आहे, फोटो एका सेकंदाचा.

एक विनंती. स्टुडिओत नेऊन बैलाचे डोके संगणकावर नीट करून घेऊ नका; त्या चित्रात वेळ सरकल्याची खूण तेवढ्याच जागी आहे. आजीने सांगितलेले मात्र मऊ पेन्सिलीने, दाब न देता, मागे लिहून ठेवा, आणि बैलाचे नाव कोणाला आठवत असेल तर तेही.