माडावर चढणाऱ्याला इंग्लंडात ट्री सर्जनचं काम मिळेल का?

तुम्ही विचारलंत की पत्नीला ब्रिस्टलच्या रुग्णालयात नर्सची नोकरी लागली आहे, तुम्ही तिच्यासोबत येताय, कुडाळला बारा वर्षं पाडेली म्हणून माड-सुपारीवर चढताय, अधूनमधून घरांवर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्याही उतरवता. तर इथे ट्री सर्जनचं, म्हणजे झाडं छाटणाऱ्या-उतरवणाऱ्याचं, काम मिळेल का आणि अवजारं तिकडून आणावीत का? मीही सावंतवाडीहून असाच बायकोच्या नोकरीमुळे आलो आणि गेली नऊ वर्षं इथे हेच काम करतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काम मिळेल. तुमच्या व्हिसावर वेगळा स्पॉन्सर, म्हणजे हमी घेणारा मालक, लागत नाही, त्यामुळे ती अडचण नाही. पण पहिलं वर्षभर झाडावर चढायला मिळेल अशी आशा धरू नका. इथे सुरुवात खालून होते. ग्राउंड्समन म्हणजे खाली पडलेल्या फांद्या ओढणं, त्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या चिपर यंत्रात घालणं, दोर सांभाळणं. पगार किमान वेतनाच्या आसपास असतो. एप्रिल २०२५ मध्ये ते २१ वर्षांवरच्या माणसासाठी तासाला १२.२१ पौंड होतं. बारा वर्षं उंचावर काम केलेल्या माणसाला हे कमीपणाचं वाटेल, मलाही वाटलं होतं. तरी ते वर्ष मनापासून करा, कारण वरच्या माणसाचा जीव खालच्याच्या हातात असतो.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट सांगतो. मी फांद्यांची मोळी ओढत चिपरकडे नेत होतो. फोरमननं धावत येऊन यंत्राचा दांडा ओढला आणि मोळी उलटी करून दाखवली. आत पानांमध्ये चढलेल्या माणसाच्या दोराचं टोक अडकलं होतं. चिपरचे रोलर फांदी पकडली की खेचतच नेतात. दोर त्यात गेला असता तर वरचा माणूस त्या दोरासकट खाली आला असता. त्या दिवसापासून मोळी उचलण्याआधी मी आधी दोर कुठे आहे ते बघतो.

चढाईसाठी सर्टिफिकेटं लागतात. जुने लोक त्यांना आजही सीएस ३०, ३१, ३८, ३९ याच नावांनी ओळखतात. ३० मध्ये चेनसॉची, म्हणजे साखळीच्या यंत्र-करवतीची, देखभाल आणि पडलेल्या लाकडाचे तुकडे करणं, ३१ मध्ये लहान झाड पाडणं, ३८ मध्ये दोरावर चढणं आणि वर अडकलेल्या साथीदाराला खाली आणणं, ३९ मध्ये दोरावर लटकून चेनसॉ चालवणं. ३८ मधला सुटकेचा भाग नीट शिका. वर कोणी जखमी झालं तर अग्निशमन दलाची वाट बघत बसायचं नसतं, जमिनीवर दुसरा चढणारा तयार असावाच लागतो.

आता अवजारं. तिकडून काहीही आणू नका. माणसाला उचलून धरणाऱ्या प्रत्येक वस्तूची, म्हणजे दोर, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) यांची, उचलण्याच्या साधनांसाठीच्या १९९८ च्या लोलर नियमांनुसार साधारण दर सहा महिन्यांनी तपासणी होऊन कागद लागतो. कागद नसलेला दोर कितीही नवा असला तरी साइटवर चालत नाही. आणि आता एका दोरावर नाही, दोन वेगळ्या जागी बांधलेल्या दोन दोरांवर राहून काम करायची पद्धत आहे. माडावर पायात दोराचा फास घालून सरसर जाणाऱ्या माणसाला आधी हे सगळं गळ्यात लोढणं वाटतं. सहा महिन्यांनी सवय होते आणि मग कळतं की दोन्ही हात मोकळे राहून फांदीच्या टोकापर्यंत चालत जाता येतं. माडावर ते सुख कधी मिळालं नव्हतं.

स्वतःच्या पैशानं आधी चेनसॉची पँट घ्या. खाली काम करणाऱ्याला टाइप ए चालते, तिच्यात फक्त पुढून संरक्षण असतं. चढणाऱ्याला टाइप सी, म्हणजे चारी बाजूंनी. आत लांब धाग्यांचे थर असतात, साखळी लागली की ते ओढले जाऊन गरारीत गुंततात आणि करवत जागीच थांबते. दुसरी घ्या ती जपानी वाकडी हातकरवत. ती ओढताना कापते. मनगटाएवढी फांदी मी आजही तिनंच उतरवतो. खोडात रुतवून चढायचे, बुटाला बांधायचे काटेरी स्पाइक्स घ्यायची घाई नको. जे झाड पाडायचंच आहे त्यावरच ते घालतात. आपण माडाच्या खोडाला खाचा पाडतो तसं जगवायच्या झाडाला इथे केलेलं अजिबात खपत नाही.

आणि आता झाडांबद्दल, कारण खरी मेहनत इथे आहे. माडाला फांद्या नसतात, साल नव्यानं चढत नाही. ओक, बीच, लाइम (लिंबू नव्हे, लिंडन) यांचं तंत्र वेगळं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे मनगटावर बाही दुमडल्यासारखा फुगवटा असतो. तो खोडाचा भाग आहे. आपण आंब्याची फांदी कोयत्यानं खोडाशी सपाट करतो आणि वर बोर्डो पेस्ट फासतो ना, इथे तसं करत नाहीत. अमेरिकेतल्या अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही. झाड कुजका भाग आतून भिंती घालून कोंडतं आणि वर नवं लाकूड चढवतं. फुगवटा कापला तर त्या भिंतीच कमजोर होतात. म्हणून आधी थोडं लांबून खालून काप, मग वरून, वजन गेल्यावर शेवटचा काप फुगवट्याच्या बाहेर, आणि जखमेवर रंग-बिंग काही नाही.

निम्मं वर्ष झाडांवर पान नसतं, त्यामुळे डोळ्यांवरून, म्हणजे काडीवरच्या मिटलेल्या कोंबांवरून, झाड ओळखायला शिका. बीचचा डोळा लांब, टोकदार, तांबूस. ओकचे टोकाशी घोळक्यानं. आणि अॅशचे समोरासमोर, काजळ लावल्यासारखे काळे. हा अॅश आधी पाठ करा. २०१२ मध्ये इथे त्याच्यावर एका बुरशीची लागण आढळली आणि तेव्हापासून देशभर अॅश मरतोय. आज आमच्या कामातला मोठा वाटा तोच. आपल्याकडे शेवग्यावर कोणी चढत नाही, फांदी काडकन मोडते हे तुम्हाला सांगायला नको. मरता अॅश तसाच होतो, बाहेरून धडधाकट आणि आतून कडकडीत. शेंडा विरळ झालेल्या अॅशवर दोर टाकायचा नाही, बकेट क्रेन मागवायची. मालक घाई करत असला तरी नाही म्हणा.

बीचच्या बुडाशी पंख्यासारखी मोठी, एकावर एक बुरशी दिसली तर तीही फोरमनला दाखवा. वर झाड हिरवंगार असतं आणि खाली मुळं गेलेली असतात.

परवानगीचं तुम्हाला नवल वाटणार नाही, आपल्याकडेही शहरात झाडं वाचवण्याचा १९७५ चा कायदा आहेच. इथे ठरावीक झाडांना संरक्षणाचा हुकूम असतो. जुन्या संरक्षित वस्त्यांमध्ये, दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरहून जाड असलेल्या झाडाला हात लावण्याआधी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, सहा आठवडे आधी कळवावं लागतं. सुतार पक्ष्याचं भोक दिसलं तर वटवाघळं असू शकतात, काम तिथेच थांबवायचं. मार्चपासून ऑगस्टपर्यंत घरटी बघूनच हात लावायचा.

गाडीचं मात्र मनावर घ्या. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिनेच चालवता येतं. आल्याबरोबर इथल्या परीक्षेच्या तयारीला लागा. चिपर जोडलेली गाडी चालवू शकणारा माणूस मालकाला कायम हवा असतो, आणि माझं खालून वर जाणं त्यामुळेच लवकर झालं.

ऑक्टोबरात येताय म्हणालात, म्हणजे पानं गळत असतील. आलात की कळवा. एखाद्या रविवारी वेस्टनबर्टच्या वृक्ष-उद्यानात जाऊ. तिथे झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, तुम्ही आधी डोळे बघून नाव सांगायचं आणि मग पाटी वाचायची. मला एका वयस्कर क्लायंबरनं असंच शिकवलं होतं. लोकरीचे मोजे आणा. बूट मात्र इथेच घ्या, चेनसॉचे.