कुत्र्याच्या रिपोर्टमध्ये एमआरएसपी आलंय. मेडिकलमधून जास्त ‘भारी’ अँटिबायोटिक आणून देऊ का? घरात लहान मुलं आहेत.

आणू नका. तुम्ही लिहिलंय की लॅब्रेडॉरच्या पोटावरचे फोड सेफालेक्सिनने आधी जायचे, आता तेही लागू पडत नाही. यात नवल नाही. एमआरएसपी म्हणजे कुत्र्यांच्या कातडीवर एरवीही राहणारा स्टॅफिलोकॉकस (स्टॅफ) स्यूडइंटरमीडियस हा जंतू, फक्त औषधाला दाद न देण्याचं मेक-ए जनुक मिळालेला. त्यामुळे पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन गटांतली नेहमीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. मेडिकलवाला काढून देईल ते सेफिक्झिम महाग असेल, पण सेफालेक्सिनसारखं सेफालोस्पोरिन गटातलंच.

मी पशुवैद्यक आहे. पावसाळ्यात असे कुत्रे बरेच येतात आणि नाव ऐकूनच मालकांचं धाबं दणाणतं. खरं तर हा जंतू साध्या स्टॅफपेक्षा जास्त जहाल नसतो, त्याच्यावरची औषधं कमी उरतात एवढंच. फोड वरवरचे असतील तर अनेकदा गोळीची गरजच पडत नाही. क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू आठवड्यातून २-३ वेळा लावायचा आणि फेस १० मिनिटं अंगावर राहू द्यायचा. लोक दोन मिनिटांत धुऊन टाकतात आणि मग शाम्पूला नावं ठेवतात. जखम खोल असेल तर मात्र रिपोर्ट बघून डॉक्टर गोळी ठरवतील. रिपोर्टमध्ये औषधांसमोर, जंतू थोपवायला ते किती लागतं याचे आकडे असतात, त्यांतला सर्वांत लहान आकडा म्हणजे सर्वांत चांगलं औषध असं नसतं.

तुमच्या डॉक्टरांना एक नक्की विचारा: याला मुळात खाज कशाने येते? ॲलर्जी, पिसवा, क्वचित थायरॉइड. ते शोधलं नाही तर पुढचा कोर्सही वाया जाईल. आणि घरातलं खाजेचं मलम लावू नका. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, शिवाय कुत्रा ते चाटतो.

मुलांचं म्हणाल, तर हा जंतू माणसाला लागतो पण क्वचित. फोडांना हात लागला की साबणाने हात धुवायचे, तोंड चाटू द्यायचं नाही, कुत्र्याची चादर गरम पाण्यात धुवायची, बरं होईपर्यंत त्याला मुलांच्या गादीवर घ्यायचं नाही. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

फोड गेल्यावरही जंतू कातडीवर काही महिने राहू शकतो. त्यामुळे बऱ्या झालेल्या कुत्र्याचा पुन्हा स्वॅब काढून, तो पॉझिटिव्ह आला म्हणून औषध सुरू करायचं नसतं.