आधी वहीत माणूस लिही

पोरी,

पत्र मिळालं. गावातल्या मोठ्या चिंचेवरच्या वटवाघळांचे नमुने घ्यायला तुम्ही पांढरे पोशाख चढवून गेलात, आणि लगेचच्या ग्रामसभेत चिंच तोडायचा ठराव झाला. वर तुझे नमुने सगळे निगेटिव्ह. गाईड म्हणतात, गावं पुरे, पुण्याला जाऊन सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकक्रम वाचणं, शीक. आणि तू विचारतेस, प्राण्यांतून माणसांत येणाऱ्या विषाणूंचं हे संशोधन करावं की सोडावं.

करावं. आता पुढचं बोलू.

तू पाठवलेल्या आराखड्यात प्राणी आहे, विषाणू आहे, विषाणू हुडकायच्या चाचणीला लागणाऱ्या प्रायमरची यादी आहे. माणूस कुठे आहे? तो त्या प्राण्याला कुठे गाठ पडतो, कोणत्या वेळी, कोणत्या कामापायी, याची एक ओळ नाही. भेटीची जागा बघ. मी हे वर्गात ओरडून सांगायचो, इथेही ओरडणार आहे.

मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह विषाणू आला तेव्हा डुकरांच्या गोठ्यांना लागून फळझाडं होती. वटवाघळांची उष्टी फळं खाली पडायची, डुकरं ती खायची, डुकरांकडून ताप माणसांत. शंभरावर माणसं गेली, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. बांगलादेशात तोच विषाणू डुकरांशिवाय आला. तिथे हिवाळ्यात झाडाला मडकं बांधून गोड रस काढतात. रात्री वटवाघूळ येऊन रस चाटतं, त्यातच मुततं, आणि पहाटे लोक तो कच्चाच पितात. कुणीतरी रात्रभर मडक्यावर कॅमेरा रोखून ठेवला म्हणून हे दिसलं. मडक्यावर बांबूचं झापड बांधलं की वटवाघळाचं तोंड रसापर्यंत पोचत नाही. एवढ्यानं काम भागतं, झाड पाडावं लागत नाही.

ते झाड म्हणजे आपली शिंदी. तुझ्या गावात शिंदी कोण काढतो, मडकं कधी टांगतो, कधी उतरवतो, विचारलंस? नाही. चिंचेची उंची मात्र मीटरमध्ये लिहून पाठवलीस.

चांदीपुरा विषाणू तर आपल्या नागपूरचाच. १९६५ मध्ये दोन तापकऱ्यांच्या रक्तात सापडला आणि पुढे कित्येक वर्षं किरकोळ समजला गेला. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. २००७ मध्ये आपल्याच नागपूर विभागात लेकरं गेली. सकाळी ताप, दुपारी झटके, दुसऱ्या दिवशी लेकरू नाही. तो पसरवणारी वाळूमाशी डासाहून कितीतरी लहान. कुडाच्या भेगांत, कोठ्यातल्या ओल्या शेणमातीत वाढते, अंधार पडला की जमिनीलगत फुदकत निघते. शेळ्यांशेजारी खाली अंथरुणावर झोपलेलं पोर, ही तिथली भेटीची जागा. त्यासाठी जंगलात जायची गरज नव्हती, कोठ्यात वाकून बघायची होती.

हा विषाणू दोन साथींच्या मधल्या काळात कोणत्या प्राण्यात दडून राहतो, हे आजही पक्कं ठरलेलं नाही. का, ते मला विचार. साथ ओसरली की गाडी परत, डिझेल बंद, फ्रीजर परत. ‘केसेस नाहीत, मग नमुने कशाला?’ उन्हाळ्यात त्या भिंतींच्या आत काय चालतं ते मला बघायचं होतं. राहून गेलं. अजून सलतं.

लोक म्हणतात यानं पेपर कमी काढले, मोठ्या संस्थेत टिकला नाही. नाही टिकलो. भिंतीच्या भेगा बघत फिरणाऱ्याला कोण खुर्ची देतं? पण पावसाआधी कोठ्याची खालची भिंत लिंपून घ्यायला बायांना सांगत मी गावोगाव फिरलो, ते काम कुठल्याही पेपरच्या बदल्यात देणार नाही. (हे तुला सांगतोय की स्वतःला, कोण जाणे. असू दे.)

निगेटिव्ह म्हणून रडतेस कशाला? वटवाघूळ बारा महिने विषाणू बाहेर टाकत नाही. तारीख, हंगाम, अंगाला पिल्लू होतं का, खाली काय पडलं होतं, हे सगळं लिहिलेलं असेल तर निगेटिव्हही कामाचं. नसेल तर पॉझिटिव्हचंही काय करणार?

सिक्वेन्सिंग शीक, जरूर शीक. पण जनुकक्रम वाचून मडकं उघडं होतं की झाकलेलं, हे कळत नाही.

आता चिंचेचं. पोशाखाला पर्याय नाही, तो घालायचाच. पण घालण्याआधी सपरीवर बसून दोन शब्द बोलायला काय झालं होतं? त्यांना सांग, झाड पाडलं म्हणून वटवाघळं मरत नाहीत, शेजारच्या गावात जातात आणि तिथे नव्या भेटी सुरू होतात. मोहाचं सांग. त्या फुलांचं परागीभवन बरंचसं वटवाघळांच्या जिवावर चालतं. मोह वेचणाऱ्या बाईला हे एका वाक्यात समजेल, सरपंचाला थोडा वेळ लागेल. आशाताईला सोबत ने, तिचं ऐकतात.

ठरावाची कुऱ्हाड पडायच्या आत जा. शिंदीवाला, शेळ्यावाली, चिंचेखाली खेळणारी पोरं, सगळ्यांकडून दिवसाचा हिशेब घे. ती वही मला पाठव. नमुन्यांचे तक्ते तूर्त नकोत. गाईडना राग आला तर माझा फोन नंबर दे त्यांना.