टेक्सासमध्ये फुल-साइज पिकअप प्रत्यक्षात किती ॲव्हरेज देतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑस्टिनजवळ घर घेतलंय, घरात चौघं, बागेसाठी माती आणायचीय, पुढे कॅम्पिंगचा ट्रेलरही घ्यायचाय. फोर्डचा एफ-१५० पिकअप घेतला तर कागदावरचं ॲव्हरेज मिळेल का?

माझ्याकडे २०२१ चा एफ-१५० आहे, २.७ लिटर इकोबूस्ट (फोर्डचं टर्बो पेट्रोल इंजिन), टू-व्हील ड्राइव्ह. ईपीएचा, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा आकडा शहरात २० आणि हायवेला २६ मैल प्रति गॅलन. मी टाकी फुल करून वहीत हिशेब मांडतो, जुनी सवय. शाळा, किराणा, सिग्नल आणि अखंड एसी यात १७ पडतं. हायवेला ६५ मैलांच्या वेगाने गेलो तर २४, आणि ८० ने हाणला तर २०. म्हणजे शहरात लिटरला सव्वासात किलोमीटर, हायवेला साडेआठ ते दहा.

यात ट्रकपेक्षा माझ्या उजव्या पायाचा दोष जास्त. एवढं उंच, रुंद तोंड हवेत ढकलायचं, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ईपीएच्या मूळ हायवे चाचणीचा सरासरी वेग ४८ मैलांच्या आसपास आहे. तुमच्या शेजारच्या एसएच-१३० टोल रस्त्याच्या दक्षिणेकडच्या भागात मर्यादाच ८५ ची! त्यात कोणी हौसेने ट्रकची उंची वाढवून घेतो, कच्च्या रस्त्यासाठीचे जाड ऑल-टेरेन टायर चढवतो आणि मग ॲव्हरेज मिळत नाही म्हणून रडतो.

ट्रेलर जोडला की हे सगळे आकडे विसरा. मित्राचा कॅम्पर ओढून नेला तेव्हा मला १० मिळालं. पेट्रोल पंप आणि पंपाच्या मधलं अंतर एकदम निम्म्यावर येतं.

हायब्रिडबद्दल: २०२१ च्या टू-व्हील पॉवरबूस्टचा, म्हणजे याच ट्रकच्या हायब्रिडचा आकडा शहरात २५, हायवेला २६. म्हणजे खरा फायदा गावातल्या गावात. पण त्याच्या हौद्यात ७.२ किलोवॅटपर्यंतचे प्लग मिळतात. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासची वीज गेली, तेव्हा लोकांनी याच ट्रकवर घरातले हीटर चालवले. मला आज घ्यायचा असता तर त्या प्लगसाठीच हायब्रिड घेतला असता.

आता माती. इथे मी स्वतः फसलोय. पहिल्याच वसंतात हौशीने गेलो आणि म्हटलं, एक क्युबिक यार्ड (साधारण पाऊण घनमीटर) टाका. लोडरवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बकेट उलटी केली. ट्रक मागून असा बसला की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागले. यार्डभर मातीचं वजन २००० पौंडांच्या वर जातं, ओली असेल तर आणखी. माझ्या ट्रकची क्षमता १५०० पौंड. जाहिरातीतला आकडा याच्या दुप्पट होता, पण तो वेगळ्याच बांधणीच्या ट्रकचा. तुमच्या हातात येणाऱ्या ट्रकचा खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर असतो. त्यात माणसंही धरायची. चौघांचे ५०० पौंड, ६००० पौंडांच्या ट्रेलरचं हुकवर येणारं साधारण ७००, झाले १२००. उरलेल्या ३०० पौंडांत तंबू, बर्फाची पेटी, सायकली बसवा. मल्च, म्हणजे झाडांभोवती पसरायच्या लाकडी ढलप्या, मात्र हलकं, ते यार्डभर बिनधास्त आणा.

हौदा साडेपाच फुटी, साडेसहा किंवा आठ फुटी मिळतो. चौघांसाठी मोठी केबिन घेणारे बहुतेक साडेपाचवरच थांबतात, मीही. चाकांच्या उंचवट्यांमध्ये चार फुटी प्लायवूड सपाट बसतं, फाळका उघडून दोरीने आवळलं की काम होतं. फाळक्यातून निघणारी पायरी मला विकत घेताना चोचले वाटली होती. गुडघे दुखायला लागल्यापासून मत बदललंय.

शोरूमला जाण्याआधी गॅरेजमध्ये टेप धरा. हा ट्रक १९ फुटांच्या वर लांब आहे. आमच्याकडे तो आत गेला, पण वॉशिंग मशीनकडे जायची वाट बंद झाली, म्हणून तो गेली दोन वर्षं ड्राइव्हवेवरच उभा असतो.