वाचकांचे प्रश्न : प्रवेश परीक्षांची आखणी अकरावीपासून

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. वैद्यकीय प्रवेशाची नीट, अभियांत्रिकीची जेईई आणि राज्याची सीईटी या तिन्ही परीक्षा मी द्याव्यात असे घरच्यांचे म्हणणे असल्यामुळे गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवले आहेत. क्लासमध्ये जे धडे शिकवतात ते कॉलेजच्या पुस्तकात सापडत नाहीत आणि कॉलेजच्या चाचणीत येणारे धडे क्लासमध्ये झालेले नसतात. दोन्हीकडे मी मागे पडत आहे. दोन वर्षांची आखणी कशी करावी?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : तू मागे पडत आहेस असे तुला वाटते, त्याचे बरेचसे कारण तुझ्या अभ्यासात नसून दोन अभ्यासक्रमांच्या क्रमात आहे. हे आधी समजून घे, म्हणजे मनावरचे ओझे हलके होईल. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांत आणि एनसीईआरटीच्या (केंद्रीय अभ्यासक्रमाच्या) पुस्तकांत धडे बहुतांशी तेच असले तरी त्यांची वर्षे वेगळी आहेत. परिवलन गती, दोलने, द्रायूंचे (द्रव व वायूंचे) गुणधर्म आणि वायूंचा गतिज सिद्धांत हे भौतिकशास्त्राचे भाग एनसीईआरटीत अकरावीला येतात, तर आपल्याकडे ते बारावीच्या पुस्तकात आहेत. रसायनशास्त्रातील ऊष्मागतिकी आणि आयनिक समतोल यांचेही तसेच आहे. उलट, प्रकाशिकीची आणि स्थिर विद्युतची सुरुवात आपल्याकडे अकरावीतच होते. नीट आणि जेईईची तयारी करून घेणारे क्लास साहजिकच एनसीईआरटीच्या क्रमाने जातात. म्हणून एका रविवारी बसून दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेव आणि कोणता धडा कोठे, कधी येतो याचा एक तक्ता स्वतःच्या हाताने तयार कर. क्लासमध्ये जो धडा चालू असेल तो राज्य मंडळाच्या ज्या पुस्तकात असेल तेथून त्याच आठवड्यात वाचून टाक, मग ते पुस्तक बारावीचे का असेना. बारावीत तो धडा कॉलेजात सुरू होईल तेव्हा तुझी ती उजळणी असेल.

आता तिन्ही परीक्षांविषयी. मला वाटते, दिवाळीपर्यंत चारही विषय मनापासून शिकावेत आणि त्यानंतर मुख्य परीक्षा एकच ठरवावी. घरच्यांचा हेतू चांगला आहे, वाटा खुल्या राहाव्यात एवढीच त्यांची इच्छा आहे. परंतु गुणांची विभागणी पाहिली तर या वाटा फार लवकर फुटतात. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात २०० पैकी १०० गुण गणिताचे आहेत आणि जेईई मेनमध्येही ३०० पैकी १०० गुण गणितालाच आहेत. म्हणजे वैद्यकीय वाटेचा अर्धा भार ज्या विषयावर आहे तो अभियांत्रिकीच्या परीक्षेत नाही, आणि अभियांत्रिकीचा मोठा भार ज्या विषयावर आहे त्याचा नीटमध्ये प्रश्नही नाही. हे दोन्ही विषय स्पर्धेच्या पातळीवर एकाच वेळी नेणारे विद्यार्थी असतात, पण ते विरळा. दिवाळीपर्यंतच्या चाचण्यांतील गुणांपेक्षा एका गोष्टीकडे लक्ष दे : कोणीही न सांगता कोणत्या विषयाचे पुस्तक तू आपणहून उघडतेस? तेच उत्तर घरी सांग, कारण दोन वर्षे रोज सहा-सात तास त्या विषयासोबत तुला बसायचे आहे.

वैद्यकीयकडे जायचे ठरले तर नीट मुख्य आणि सीईटीचा पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गट तिच्या आधाराने. अभियांत्रिकी ठरली तर जेईई मेन आणि सीईटीचा पीसीएम गट. राज्याची सीईटी दोन्ही वाटांवर आहे, आणि औषधनिर्माणशास्त्र व कृषी यांसारखे अभ्यासक्रमही तिच्यातून खुले राहतात, हे घरच्यांना जरूर दाखव; त्यांची बरीचशी काळजी तेथेच मिटेल. सीईटीत सुमारे ८० टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर. त्या धड्यांची यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मिळते. ती आत्ताच छापून भिंतीवर लाव आणि निदान तेवढे धडे तरी अकरावीत कच्चे राहू देऊ नकोस, कारण बारावीत जानेवारीपासून वेळ उरत नाही. जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत होते, त्याच सुमारास बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षा, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी परीक्षा, एप्रिलमध्ये जेईईचे दुसरे सत्र, एप्रिल-मेमध्ये सीईटी आणि मे महिन्यात नीट अशी रांग लागते. या रांगेत नवीन धडा शिकायला जागा नाही, फक्त उजळणीला आहे.

परीक्षांचा वेगही निराळा आहे आणि सराव त्याप्रमाणे व्हायला हवा. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. मात्र चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्नांना तीन तास मिळतात, पण चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. नीटमध्येही १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि चुकीला एक गुण वजा. एका परीक्षेची सवय घेऊन दुसरीच्या केंद्रावर जाणारे विद्यार्थी अनेकदा अभ्यास असूनही गुण गमावतात.

मराठी माध्यमातून आल्याचे दडपण तुझ्या पत्रातून जाणवले. नीट आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा मराठीतूनही देता येतात. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला मराठीचा पर्याय आहे, फक्त गणिताचा पेपर इंग्रजीत असतो. तरीही अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तके आणि बाजारातील बहुतेक सराव प्रश्नसंच इंग्रजीत आहेत, म्हणून संकल्पना मराठीत पक्की करून प्रश्न मात्र इंग्रजीत वाचण्याची सवय आत्तापासून लाव. नीटची मराठी प्रश्नपत्रिका द्विभाषिक असते आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात, हे आणखी एक कारण.

शेवटी बोर्डाविषयी. ‘बोर्डाचे गुण आता कोण विचारतो’ असे तुला क्लासमध्ये ऐकायला मिळेल. ते अर्धवट खरे आहे. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी खुल्या गटाला बारावीच्या संबंधित विषयांत ४५ टक्के पुरतात, परंतु नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीत (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) किंवा आयआयटीत जायचे असेल तर बारावीत ७५ टक्के गुण किंवा मंडळाच्या अव्वल २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या वीस टक्के विद्यार्थ्यांत, स्थान आवश्यक आहे. प्रात्यक्षिकांचे ३० गुण प्रयोगशाळेत उभे राहूनच मिळतात. हजेरी केवळ कागदावर ठेवणाऱ्या कॉलेजपेक्षा खरोखर प्रयोग करून घेणारे साधे कॉलेज मी केव्हाही चांगले मानतो.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गात मोडतो. कागदपत्रे बारावीच्या निकालानंतर काढली तर चालतील का? गावात काहीजण आत्ताच काढा म्हणतात.
– एक पालक, चाळीसगाव

उत्तर : गावातील मंडळी योग्य सांगत आहेत. जातीचा दाखला असला तरी राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि वेळ जातो तो तेथेच. इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे वास्तव्य आणि जातीची नोंद दाखवावी लागते. साहजिकच आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यापर्यंत किंवा गावनमुन्यापर्यंत शोध घ्यावा लागतो. नावांच्या स्पेलिंगमधील आणि आडनावातील फरक निस्तरायला कधीकधी महिने जातात. अकरावीतच कॉलेजमार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करावा.

नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याच्या) प्रमाणपत्राची मुदत मात्र ३१ मार्चला संपते, म्हणून ते प्रवेशाच्या वर्षी चालू असेल अशा बेताने काढावे. जेईई आणि नीटच्या अखिल भारतीय जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे असते आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे लागते. राज्याचा दाखला तेथे चालत नाही. अधिवास प्रमाणपत्रही याच वर्षी करून ठेवावे. आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका आणि परीक्षेचा अर्ज यांत मुलीचे व आईवडिलांचे नाव अक्षरशः एकसारखे असू द्यावे.

आपल्यासाठी आणखी एक माहिती : २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी राज्य शासन शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरते. खर्चामुळे मुलीचा पर्याय आखडता घेण्यापूर्वी ही सवलत हिशेबात धरावी.

प्रश्न : मी अकरावी कला शाखेत आहे आणि मला कायदा शिकायचा आहे. सगळीकडे विज्ञानाच्याच परीक्षांची चर्चा असते. माझी तयारी कधी सुरू व्हावी?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : विज्ञानाच्या मित्रांपेक्षाही लवकर, कारण क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा बारावीच्या वर्षातील डिसेंबरमध्येच होते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश तिच्यातून होतात. दोन तासांत १२० प्रश्न असतात, सगळे इंग्रजीत आणि बहुतेक उताऱ्यांवर आधारित, आणि चुकीला पाव गुण वजा होतो. त्यामुळे पाठांतरापेक्षा रोजचे वाचन येथे उपयोगी पडते. एका इंग्रजी वर्तमानपत्रातील अग्रलेख दररोज वाचून त्यातील मुख्य मुद्दा दोन वाक्यांत लिहावा. राज्याची पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी त्यानंतर येते, ती मराठीतूनही देता येते आणि तिच्यात चुकीला गुण कापत नाहीत. अकरावीचे राज्यशास्त्राचे पुस्तक परीक्षेपुरते न ठेवता राज्यघटना समजून घेण्यासाठी वाचावे. विधी महाविद्यालयातील पहिल्या वर्षीही त्याची गरज लागेल.