पाणथरी किती वाढली म्हणजे ‘वाढली’ म्हणायची?

प्रश्न : माझी मुलगी ५ वर्षे १० महिन्यांची आहे. तिची उंची ११९ सेंमी आहे. पोट दुखते म्हणून गेल्या महिन्यात सोनोग्राफी केली, तेव्हा ‘प्लीहा ९.७ सेंमी, किंचित वाढलेली’ असा रिपोर्ट आला. सोनोग्राफीच्या तीन आठवडे आधी तिला ताप येऊन गेला होता. आम्ही घाबरलो आणि आठ दिवसांनी दुसऱ्या केंद्रात तपासणी करून घेतली. तिथे ९.१ सेंमी भरली आणि ‘आकार सर्वसाधारण’ असे लिहिले. रक्ताची सीबीसी तपासणी (रक्तपेशींची मोजणी) ठीक आहे. दोन्ही रिपोर्टांच्या प्रती सोबत जोडत आहे. यांतला खरा कोणता मानायचा? आणि लहान मुलांची प्लीहा केवढी असावी, हे ठरवतात तरी कसे? — एक आई, नाशिक

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. प्लीहा, म्हणजे आपल्या घरांतली जुनीजाणती माणसे जिला पाणथरी म्हणतात ती, मुलाबरोबर वाढणारी ग्रंथी आहे. त्यामुळे मोठ्यांसाठी वापरतात तशी एकच मर्यादा मुलांना लावता येत नाही. सोनोग्राफीसाठी येणारी बहुतेक मुले कशाने तरी आजारी असतात, म्हणून त्यांच्या मापांवरून सरसकट ‘सर्वसाधारण’ काय ते ठरवणे चुकीचे ठरेल. त्यासाठी ज्यांच्या प्लीहेत दोष नाही अशा मुलांचीच मापे घ्यावी लागतात. असे एक काम १९९१ मध्ये अमेरिकेत झाले. त्यात २३० मुलांच्या प्लीहेची लांबी मोजून वयोगटानुसार वरच्या मर्यादा सुचवल्या गेल्या : ३ महिन्यांपर्यंत ६ सेंमी, १ ते २ वर्षे ८, २ ते ४ वर्षे ९, ४ ते ६ वर्षे ९.५, ६ ते ८ वर्षे १०, ८ ते १० वर्षे ११, आणि पुढे १५ वर्षांपर्यंत १२ सेंमीच्या आत. त्यानंतरच्या वयात मुलींसाठी १२ आणि मुलांसाठी १३ सेंमी. आजही अनेक रिपोर्टांमागे हाच तक्ता असतो.

आता आपल्या मुलीकडे पाहू. या तक्त्याप्रमाणे आज तिची मर्यादा ९.५ सेंमी आहे आणि दोन महिन्यांनी, सहावा वाढदिवस झाला की, तीच १० सेंमी होईल. वाढदिवसाच्या दिवशी शरीरात काहीच बदलत नाही, बदलतो तो फक्त तक्त्यातला रकाना. १९९८ मध्ये तुर्कस्तानात ३०७ निरोगी मुलांची यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडे मोजली गेली, तेव्हा या अवयवांच्या लांबीचे नाते वयापेक्षा उंचीशी अधिक घट्ट जुळते असे आढळले. आपली मुलगी वयाच्या मानाने उंच आहे, म्हणून तिला वयाच्या रकान्यात बसवणे मला तितकेसे योग्य वाटत नाही. भारतीय मुलांची अशी मापेही उपलब्ध आहेत. ज्यांच्याकडे सोनोग्राफी करायची त्यांनी मुलाची उंची विचारून ती रिपोर्टात लिहावी, असा माझा आग्रह आहे. एका मिनिटाचे काम आहे, पण त्याने पालकांची महिनाभराची झोप वाचू शकते.

दोन केंद्रांतील ६ मिलिमीटरच्या फरकाबद्दल. प्लीहा डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड तिरकी बसलेली असते. तिचे वरचे टोक फुप्फुसातील हवेमुळे झाकले जाते आणि मधेमधे बरगड्यांची सावली पडते. मूल पाठीवर किंवा उजव्या कुशीवर असताना, डाव्या बगलेच्या रेषेत प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) ठेवून, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात ती खाच आणि दोन्ही टोके एकाच चित्रात येतील असा छेद मिळवावा लागतो व त्यातली सर्वांत मोठी लांबी मोजावी लागते. प्रोब जरासा कलला की लांबी कमी भरते. शिवाय रडणारे, पाय झाडणारे मूल क्षणभरही एका जागी राहत नाही. अशा स्थितीत दोन अनुभवी हातांच्या मापांत काही मिलिमीटरचे अंतर पडणे स्वाभाविक आहे. त्यात, विषाणूंच्या तापात प्लीहा थोडी वाढते आणि ती ओसरायला काही आठवडे लागतात. आपल्या मुलीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडलेल्या असू शकतात, आणि दोन्ही डॉक्टरांनी काम नीट केलेले असू शकते.

मला अशा वेळी आणखी एक पडताळा उपयोगी वाटतो, तो म्हणजे शेजारच्या डाव्या मूत्रपिंडाशी तुलना. १९९८ च्या हाँगकाँगमधील अभ्यासात असे सुचवले गेले की प्लीहेची लांबी डाव्या मूत्रपिंडाच्या सव्वापटीपेक्षा अधिक असेल तर ती वाढलेली समजावी. आपल्या दोन्ही रिपोर्टांत मूत्रपिंड ७.९ सेंमी आहे. म्हणजे पहिल्या मापाने हे गुणोत्तर सुमारे १.२३ आणि दुसऱ्याने १.१५ येते. दोन्ही १.२५ च्या आतच आहेत. मूत्रपिंड स्वतः आजारी असेल तर मात्र हा हिशेब निरुपयोगी ठरतो.

म्हणून ‘खरा रिपोर्ट कोणता’ या प्रश्नात अडकू नका. सीबीसी ठीक आहे, ताप गेला आहे, तेव्हा सहा ते आठ आठवड्यांनी, शक्यतो एकाच केंद्रात आणि त्याच डॉक्टरांकडून, पुन्हा माप घ्यावे. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, त्यामुळे पुन्हा करण्याची भीती नको. त्याआधी पुन्हा पुन्हा ताप, फिकेपणा, वजन घटणे, अंगावर कारण नसताना निळे डाग, नाकातून रक्त, डोळे पिवळे होणे किंवा मानेत गाठी यांपैकी काही दिसले, तर आठवडे मोजत न बसता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. उलटीतून रक्त आले तर थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी पोट तपासून ‘प्लीहेचे टोक हाताला लागते’ असे म्हटले, तर तेवढ्यानेही घाबरू नये. निरोगी मुलांतही सुमारे दहात एकाला ते लागते.

प्रश्न : माझा मुलगा ८ वर्षांचा असून त्याला सिकलसेलचा आजार (एसएस) आहे. त्याची पाणथरी १२ सेंमी आहे. तक्त्याप्रमाणे ती कितीने वाढली आहे? — एक वडील, गडचिरोली

उत्तर : वर दिलेला तक्ता निरोगी प्लीहेचा आहे, त्यामुळे आपल्या मुलासाठी तो फारसा कामाचा नाही. सिकलसेलमध्ये, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकणाऱ्या आजारात, प्लीहा लहानपणी वाढते आणि पुढे वारंवार इजा होऊन आक्रसते. भारतातील मुलांत ती बरीच वर्षे वाढलेलीच राहू शकते. त्याच्यासाठी खरे मोजमाप म्हणजे तो बरा असताना घेतलेले त्याचे स्वतःचे माप. ते तारखेसह कार्डावर लिहून ठेवा. डाव्या बरगडीखाली बोटांनी हलकेच चाचपून पाणथरी किती बोटे खाली लागते, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. ती एकाएकी वाढली आणि मूल फिके, गळालेले दिसू लागले, तर रक्त तिच्यात साठत असते. तेव्हा सोनोग्राफीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालयात न्यायचे असते. प्लीहा मोठी दिसली तरी तिचे काम मंदावलेले असू शकते, म्हणून न्यूमोकोकल लसीचे (न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धच्या लसीचे) डोस पूर्ण झाले आहेत का ते पाहा आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.